बी.पी. नॉर्मल आला म्हणून गोळी बंद?

मागच्या रमजानमधला आठवा रोजा. तरावीहनंतर आम्ही घरी आलो, तर अम्मी पलंगावर छाती धरून बसलेली. अंगाला दरदरून घाम, धडधड थांबेना. घरच्या मशीनवर रक्तदाब १९०/१०६. रिक्षा करून चौक मंडईतून अशोक स्तंभामार्गे आम्ही गंगापूर रोडवरचा दवाखाना गाठला. कागद पाहून डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "मेटोप्रोलॉल कधीपासून बंद आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. अम्मीच हळूच बोलली, "चार दिवस झाले. बी.पी. नॉर्मल येत होता. म्हटलं, रोजात गोळीची कटकट कशाला?"

अल्लाहच्या कृपेने अम्मी तीन दिवसांत घरी आली. पण त्या रात्री आम्ही जे शिकलो, ते प्रत्येक घराला ठाऊक असावं.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. भीती, राग, धावपळ यांत शरीरात ॲड्रिनॅलिन वाढतं आणि हृदय जोरात धावू लागतं. ही गोळी त्या ॲड्रिनॅलिनला हृदयाच्या दारातच अडवते. ठोके संथ होतात, हृदयावरचा ताण आणि रक्तदाब उतरतो. स्कॉटलंडचे संशोधक जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयशूळासाठी प्रोप्रॅनोलॉल शोधलं. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं.

गोळी रोज चालू असली की हृदय ॲड्रिनॅलिनला जास्तच संवेदनशील होऊन बसतं. अशा वेळी ती एकाएकी थांबवली, तर अडवलेलं पाणी बांध फुटून यावं तसं होतं. ठोके भरधाव सुटतात, छातीत दुखतं, ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांना झटकाही येऊ शकतो. अम्मीला हृदयाचा जुना त्रास होताच. म्हणून ही गोळी बंद करायचीच असेल, तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत मात्रा हळूहळू कमी करतात. आणि बी.पी. नॉर्मल येतो तो गोळीमुळेच. आजार गेला म्हणून नव्हे.

आज नुसत्या उच्च रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर सहसा पहिलं औषध नसतं. ब्रिटनने २००६ सालीच ते पहिल्या पसंतीतून काढलं. आपल्या सरकारी दवाखान्यांतही साधारणपणे ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी सुरुवात होते. मात्र हृदयशूळ, झटका येऊन गेलेला, हृदय कमजोर झालेलं किंवा ठोके अनियमित, अशा रुग्णांना बीटा ब्लॉकरचा मोठा आधार असतो. त्यामुळे "शेजारच्या खालांना दुसरी गोळी, मग मला हीच का?" असं वाटलं, तर डॉक्टरांना विचारा, गोळी मनाने बदलू नका.

आणखी काही गोष्टी सांभाळा. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीने श्वास अडकू शकतो. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर जास्त सावध राहा. साखर उतरली की होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते, घाम मात्र येतो. रोजात घाम सुटला, गरगरलं, तर लगेच साखर तपासा आणि कमी असेल तर रोजा सोडा. नाडी ५०च्या खाली गेली, चक्कर आली, तर फोन करा.

रोजाचं काय? रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. बऱ्याच रुग्णांना दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी गोळी देता येते. ती इफ्तारला किंवा सहरीला, रोज ठरल्या वेळी घ्यायची. अशी गोळी कुटून किंवा चावून खाऊ नये. डॉक्टरांनी रोजा ठेवू नका म्हटलं, तर मन खट्टू करू नका. आजारी माणसाला दीनने सवलत दिलेलीच आहे.

यंदा अम्मीची गोळी इफ्तारच्या खजुरांच्या ताटलीतच ठेवलेली असते. अजान झाली की आधी खजूर, मग पाण्याच्या घोटाबरोबर गोळी. नातवाने ती आठवण करून देण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे, आणि तो एकही दिवस चुकत नाही.