‘बसायचं का?’... पण जरा वेगळ्या अर्थाने!

पावसाळी शनिवार. वाळूज, शेंद्र्याच्या शिफ्ट सुटल्या की छत्रपती संभाजीनगरातल्या गाड्या वेरूळ मागे टाकून कन्नडच्या दिशेने धावायला लागतात. गौताळ्याची हिरवाई, औट्रम घाटातलं धुकं, गरमागरम भजी... प्लॅन एकदम परफेक्ट! फक्त त्यात एक आयटम कुणी न सांगताच ॲड झालेला असतो. गाडीच्या डिकीत. ग्रुपवर ‘आज बसायचं का?’ असा मेसेज आला की त्याचा अर्थ कुणालाच विचारावा लागत नाही.

गंमत म्हणजे याच कन्नड तालुक्यात ‘बसण्याची’ एक खूप जुनी जागा आहे. पितळखोऱ्याची लेणी. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी डोंगराच्या कड्यात कोरलेली. पायऱ्या उतरून खाली गेलं की विहारांतल्या छोट्या छोट्या खोल्या दिसतात. बौद्ध भिक्षू इथे राहायचे, ध्यानाला बसायचे. लेण्यांसाठी ज्यांनी दान दिलं त्यांची नावंही इथे कोरलेली आहेत. त्यात पैठणचा एक दाता आहे आणि मगिल नावाचा राजवैद्यही आहे. म्हणजे ध्यानाच्या जागेला चक्क एका डॉक्टरच्या घरून हातभार लागला होता!

व्यसनमुक्तीचं आजचं शास्त्रही साधारण तेच सांगतं. डॉक्टर हवा आणि शांत बसणंही हवं. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही.

मायग्रेन ते इगतपुरी

‘माइंडफुलनेस’ हा शब्द आपल्याकडे कॉर्पोरेट ट्रेनिंगमधून आला, त्यामुळे तो इम्पोर्टेड वाटतो. पण त्याची मुळं याच मातीतली आहेत. आणि विपश्यना आपल्याकडे पुन्हा रुजली, त्या गोष्टीत व्यसनाच्या भीतीचा मोठा वाटा आहे.

सत्यनारायण गोएंका हे म्यानमारमधले बडे उद्योजक. कमी वयात यश आलं आणि सोबत भयंकर मायग्रेनही. दुखणं थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. या औषधाची सवय लागेल, असा इशारा डॉक्टरांनी दिला. परदेशातले उपचारही करून झाले, उपयोग शून्य. शेवटी 1955मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. 1969मध्ये भारतात येऊन त्यांनी शिबिरं सुरू केली आणि 1976मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. दहा दिवस मौन, मोबाइल बंद, आधी श्वास बघायचा आणि मग अंगावरच्या संवेदना. ‘शिबिराला बसलो होतो’ असं म्हणणारा एखादा कलीग तुमच्याही ऑफिसात असेलच!

हीच पद्धत 1997मध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या एका तुरुंगात पोहोचली. व्यसनांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि त्यांच्या टीमने तिथल्या कैद्यांचा अभ्यास केला. 2006मध्ये त्याचे निष्कर्ष आले. विपश्यनेला बसलेल्या कैद्यांचं सुटकेनंतरच्या तीन महिन्यांतलं दारू आणि ड्रग्जचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं. अर्थात ते स्वतःच्या इच्छेने बसले होते, हेही लक्षात घ्यायला हवं. मग या टीमने आठ आठवड्यांचा एक कोर्स बांधला. व्यसन सुटल्यावर पुन्हा घसरू नये म्हणून ध्यान आणि समुपदेशन यांचं कॉम्बिनेशन. 2014मध्ये 286 जणांवरच्या चाचणीचे रिझल्ट प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर या कोर्सवाल्यांमध्ये ड्रग्ज घेतल्याचे आणि जास्त दारू प्यायल्याचे दिवस इतर दोन गटांपेक्षा कमी होते. जादू नाही, पण फरक नक्की.

लाट येऊ द्या

या सगळ्यामागचा फंडा तसा सिंपल आहे. मार्लॅट यांनी तलफेला लाटेची उपमा दिली. लाट उठते, वर चढते, फुटते आणि ओसरते. आपण मात्र ती येताच दोनच गोष्टी करतो. एक तर तिच्याशी भांडतो, नाहीतर मुकाट्याने तिचं ऐकतो. तिसरा रस्ता आहे तिच्याकडे नुसतं बघण्याचा.

संध्याकाळचे सात वाजलेत. बॉसने झापलंय. नेहमीच्या चौकात गाडी आपोआप वळायला लागते. तेव्हा बाजूला थांबा आणि स्वतःलाच विचारा, ही तलफ नेमकी कुठे आहे? घसा कोरडा पडलाय? छातीत धडधडतंय? हात अस्वस्थ झालेत? नाव द्या, ‘ही तलफ आहे’, आणि दहा-वीस श्वास मोजा. पोसली नाही तर ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. पहिल्यांदा हा अर्धा तास युगासारखा वाटेल. पण प्रत्येक वेळी लाट ओसरलेली बघितली की पुढच्या लाटेची भीती थोडी कमी होते. सिगारेटला हे लागू आहे आणि रात्री दोन वाजता मोबाइलकडे जाणाऱ्या हातालाही.

आधी डॉक्टर, प्लीज!

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने जोशात येऊन ‘उद्यापासून बंद’ म्हणू नये. शरीराला दारूची सवय लागली असेल, तर ती अचानक तोडल्यावर हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येणं, भास होणं इथपर्यंत त्रास होऊ शकतो. धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असतो आणि तो जिवावरही बेतू शकतो. त्यावर औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. अशा वेळी थेट दहा दिवसांच्या मौनाला जाऊन बसणं हा उपाय नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना विपश्यना शिबिराचा सल्ला तिथले लोकही देत नाहीत.

डिप्रेशन, एन्झायटी आणि व्यसन ही मंडळी बऱ्याचदा हातात हात घालून फिरतात. झोप लागत नाही म्हणून पेग आणि पेगमुळे झोपेचं खोबरं, हे चक्र अनेकांच्या ओळखीचं असेल. त्यामुळे उपचार दोन्हींवर हवेत. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. 2019मध्ये आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या विळख्यात सापडलेल्या 38 जणांपैकी फक्त एकाला कसली तरी ट्रीटमेंट मिळते. उरलेल्या 37 जणांना घरचे शपथा घालतात!

घड्याळ लावून जगणं

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने शपथेच्या पुढचा रस्ता महाराष्ट्राला दाखवला. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या विळख्यावर, म्हणजे गर्दवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि 1986मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र सुरू केलं. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम बघतात. इथला पेशंट हा ‘रुग्णमित्र’ असतो. डॉक्टर आणि समुपदेशन आहेच, पण दिवसाला आकार असतो तो योगासनं, ध्यान, श्रमदान, गाणी आणि गटातल्या गप्पांचा. बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे, कारण दारू एकटा पितो, पण आजारी अख्खं घर पडतं.

हे सगळं ऐकायला बोअरिंग वाटेल. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, घाम गाळणं, चार माणसांत बसणं. पण दारू सुटली की रोजचे तीन-चार तास रिकामे होतात आणि ते भरले नाहीत, तर जुनी सवय ते भरून काढते.

सोमवारपासून काय कराल?

* तलफ आली की चार गोष्टी तपासा. भूक लागलीय? राग आलाय? एकटं वाटतंय? दमलोय? यातल्या एकीचा जरी इलाज झाला तरी निम्मं काम झालं. साधा वरण-भातसुद्धा चालतो!
* सकाळी दहा मिनिटं बसा. मन पळालं की परत श्वासावर आणा. शंभरदा पळालं तर शंभरदा आणा. व्यायाम तोच आहे.
* घरी जायचा रस्ता बदला. नेहमीचा चौक, नेहमीची टपरी टाळा.
* रोज अर्धा तास चाला आणि झोपेची वेळ ठरवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.
* एक नंबर स्पीड डायलला ठेवा. व्यसनासाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी 14416 म्हणजे टेलिमानस. दोन्हीकडचा कॉल फ्री आहे.
* घसरलात? ‘गेलंच सगळं’ म्हणून बाटली संपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला फोन करा.

आणि ग्रुपसाठी...

सोडलेल्या माणसाला खरी भीती असते ती बाटलीपेक्षा ‘एक घे रे, काय होतंय!’ या वाक्याची. एकट्याने आठ आठवडे ध्यान करून मिळवलेलं हे एक वाक्य एका संध्याकाळी घालवू शकतं. तेव्हा तुमच्या ग्रुपमधल्या कुणी थांबायचं ठरवलं असेल, तर पुढचा प्लॅन त्याला धरून आखा. सकाळी लवकर निघा, पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरा, डिकीत पाण्याचे कॅन आणि पोहे ठेवा. त्याने लिंबू-सोडा मागवला तर कॉमेंट नको, कौतुकाचं भाषणही नको. आपणही एक लिंबू-सोडा सांगायचा. बस्स, एवढी मैत्री पुरते.