घरच्या घरी सर्व्हर

आपण तयार केलेले वेबपान दोनदा टिचकी मारताच उघडते. मग सर्व्हर कशाला? असे पान ब्राउझर थेट डिस्कवरून वाचतो. पानाने प्रश्नांची वेगळी फाइल मागवली, की सुरक्षेसाठी तो बहुधा नकार देतो. १९९५ साली आलेला अपाची समर्थ खराच, पण निव्वळ चाचणीसाठी पायथॉनमधला छोटा सर्व्हर पुरेसा आहे. एका आज्ञेने तो ८००० क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतो. मात्र पत्ता न दिल्यास फोल्डरमधले सारे काही तो जाळ्यावरच्या इतर संगणकांनाही दाखवू शकतो. एका कार्यशाळेत आमच्या फोल्डरमध्ये मुलांच्या गुणांची यादी होती! म्हणून आज्ञेतच १२७.०.०.१ हा पत्ता द्यावा. ही संगणकाने स्वतःलाच घातलेली हाक. ती तारेवर जातच नाही.