समांथाच्या नावानं

ब्रिटनमधल्या नील आणि अँजेला डिक्सन यांची मुलगी समांथा १९९६ मध्ये मेंदूतल्या गाठीनं गेली. वय अवघं सोळा. आईवडिलांनी तिच्या नावानं न्यास स्थापन केला आणि संशोधनासाठी पैसा उभा करायला सुरुवात केली. २०१३ मध्ये इतर संस्थांशी विलीनीकरण होऊन त्याचं नाव 'द ब्रेन ट्यूमर चॅरिटी' झालं. पाटीवर आता समांथा नाही, पण तिची रीत टिकली आहे. आजही तिथे एखादं कुटुंब आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं निधी सुरू करतं आणि नातेवाईक, मित्रमैत्रिणी चालून, धावून त्यात भर घालतात. त्या माणसाचं नाव घरात आणि घराबाहेर घेतलं जात राहतं, हे मला रकमेइतकंच मोलाचं वाटतं.

या पैशातून काय झालं? २०११ मध्ये या न्यासानं नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजसह मेंदूतल्या गाठीची लक्षणं लवकर ओळखली जावीत म्हणून 'हेडस्मार्ट' मोहीम सुरू केली. ब्रिटनमध्ये मुलांमधल्या अशा गाठीच्या पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पूर्वी साधारण १४ आठवडे जात. तो काळ ७ आठवड्यांच्या आत आला.

ही लक्षणं आपल्यालाही माहीत हवीत. किशोरवयात पुढचं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा: सतत किंवा वारंवार डोकं दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, चालताना तोल जाणं, दृष्टीत किंवा डोळ्यांच्या हालचालीत बदल, फिट येणं, स्वभाव बदलणं. वयात येणं लांबणं किंवा मध्येच थांबणं हेही लक्षण असू शकतं, आणि ते नजरेतून सुटू शकतं.