दवाखान्यात नेणार कोण?



आमच्या ओळखीच्या एक आजी बीपीच्या गोळ्या संपल्यावर बारा दिवस घरीच बसून राहिल्या. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. पण न्यायला कोणी नव्हतं. मुलगा सातपूरला कंपनीत, सून धुण्याभांड्याला. "माझ्यापायी त्यांचा खाडा कशाला?" म्हणून आजी गप्प राहिल्या. तेराव्या दिवशी तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना.

वस्त्यांत फिरताना अशी घरं आम्हाला वरचेवर भेटतात. म्हणून सांगतो, पाय चालते आहेत तोवरच म्हाताऱ्या माणसांच्या जाण्यायेण्याची सोय ठरवून ठेवा.

जवळचं ठिकाण आधी
बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी दर वेळी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जावं लागतंच असं नाही. महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात त्या मिळतात का, हे आशाताईंना विचारा. गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या की जायचा वार ठरवा.

एसटी वेगळी, सिटीलिंक वेगळी
एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून कोणत्याही वयाच्या बाईला निम्मंच तिकीट. म्हणजे ७५ पूर्ण झालेले आजी-आजोबा येवल्याच्या मुक्तिभूमीलाही एसटीने फुकट जाऊन येऊ शकतात. शहरातली सिटीलिंक मात्र जुलै २०२१ पासून महापालिकेच्या महामंडळाची आहे. एसटीची सवलत तिथं चालत नाही. तिथले नियम त्यांच्या पास केंद्रावर विचारा.

सवलतीसाठी आधार कार्डासारखं वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र सोबत ठेवा. आपल्या कित्येक म्हाताऱ्यांचं वय आधारवर अंदाजे, कमी लागलेलं असतं. आज ते नीट बघा. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे शाळेचा दाखला किंवा दुसरा पक्का पुरावा घेऊनच आधार केंद्रावर जा.

प्रवासाच्या दिवशी
• बसमध्ये चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा पाय आधी. दांडा धरल्याशिवाय पाय उचलू नका.
• शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसू नका. मागे जागा नसेल तर पुढची रिक्षा बघा.
• लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर येते. थोडं थोडं पाणी प्या.
• लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.
• शुगरची गोळी घेऊन उपाशी निघू नका. पिशवीत भाकरी आणि थोडी साखर ठेवा.
• बसची पाटी वाचता येत नसेल तर मोतीबिंदू तपासून घ्या. सिव्हिलमध्ये त्याचं ऑपरेशन मोफत होतं.

बसची वाट बघू नका
छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ ला फोन करा. ही गाडी मोफत आहे. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंडातून पाणी किंवा गोळी देऊ नका.

विहारात दहा मिनिटं
रविवारी वंदना झाली की एक वही काढा. वस्तीत एकटे म्हातारे कोण, कोणाचा दवाखाना कोणत्या वारी, सोबत कोण जाईल, वस्तीतल्या रिक्षावाल्या भावांपैकी रात्री कोण येईल, हे लिहा. दोन आजींचा वार एकच ठेवला तर रिक्षाचं भाडं निम्मं होतं आणि सोबतही होते.

त्या आजी आता काठी घेऊन चालतात. दर महिन्याला शेजारच्या मावशींसोबत गोळ्या आणायला जातात. मुलाचा खाडा होत नाही आणि आजींची गोळीही चुकत नाही.