सहाण, घुटी आणि मुक्कामी आजी-आजोबा

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी दिलेली २६ आठवड्यांची पगारी रजा संपली, की बोरिवली-मुलुंडच्या नोकरदार घरांतून गावी आजी-आजोबांना बोलावणे जाते. आजीसोबत येते सहाण, म्हणजे वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळून बाळघुटी करण्याचा दगड. परंतु पहिले सहा महिने केवळ स्तनपान, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि घुटीतल्या मधामुळे वर्षाच्या आतील बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकते, म्हणून पहिला खटका बहुधा याच दगडावर उडतो. आईने काढून ठेवलेले ताजे दूध २५ अंशांपर्यंत सुमारे ४ तास टिकते, मात्र मुंबईचा उकाडा पाहता ते फ्रीजमध्येच ठेवणे आजोबांना सोयीचे.