मुशीचे हृदय

पिंपरीच्या मासळी बाजारात तुम्ही मुशी पाहिली असेल. मुशी म्हणजे छोटा शार्क. कोकणच्या समुद्रात ती सापडते. कॉलेजातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी अनेक वर्षे हिचेच विच्छेदन करून शिकले.

मुशीचे हृदय पोटात शोधू नका. ते कल्ल्यांच्या खाली, गळ्यापाशी असते. त्याचे चार भाग एकामागून एक असतात. शिरांतून आलेले रक्त प्रथम एका पातळ पिशवीत जमते. तेथून ते अलिंदात आणि मग जाड भिंतीच्या निलयात जाते. निलय आकुंचन पावले की रक्त शंकूसारख्या नळीत शिरते. या नळीत झडपा असतात. त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. पुढे रोहिणीच्या फाट्यांच्या 5 जोड्या रक्त कल्ल्यांत नेतात. तेथे प्राणवायू घेऊन रक्त थेट शरीरभर जाते.

आता एक अडचण पाहा. मुशीच्या हृदयातून फक्त अशुद्ध, म्हणजे प्राणवायू कमी असलेले रक्त वाहते. मग रात्रंदिवस राबणाऱ्या या स्नायूला प्राणवायू कोण देतो? चाकणच्या कारखान्यातला पंप दिवसभर पाणी खेचतो, पण त्याला वीज वेगळ्या तारेने मिळते. येथेही तसेच आहे. कल्ल्यांत शुद्ध झालेले थोडे रक्त बारीक रोहिण्यांतून हृदयाकडे येते व त्याच्या भिंतीत पसरते. या हृदयरोहिण्या होत.

आपल्या हृदयालाही अशा रोहिण्या आहेत. मात्र त्या महारोहिणीच्या मुळापासून निघतात. त्यांत अडथळा आला, तर हृदय रक्ताने भरलेले असूनही त्याचा तेवढा भाग उपाशी राहतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.