दोन दारांमधला काळ : नॅशनल कॅन्सर ग्रिड आणि कर्करोगसेवेची सांगड

कर्करोगाच्या उपचारांचा विचार करताना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार ही तीन साधने प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. परंतु या तिन्हींचे यश ज्या चौथ्या गोष्टीवर अवलंबून असते, त्या वेळेचा हिशेब फारच थोड्या ठिकाणी ठेवला जातो. सात प्रकारच्या कर्करोगांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारा एक लेख २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असे आढळले की उपचार चार आठवड्यांनी लांबल्यास, कर्करोगाच्या व उपचाराच्या प्रकारानुसार, मृत्यूचा धोका साधारणपणे ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो. ज्या देशात २०२२ या एका वर्षात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले, त्या देशात चार आठवड्यांचा हा हिशेब किती जिवांना लागू पडतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हा वेळ नेमका कुठे जातो, याची उकल करताना अभ्यासक विलंबाचे तीन टप्पे मानतात. लक्षण जाणवल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंतचा तो रुग्णाचा विलंब, पहिल्या डॉक्टरपासून पक्के निदान होईपर्यंतचा तो निदानाचा विलंब आणि निदानापासून उपचाराच्या पहिल्या दिवसापर्यंतचा तो उपचाराचा विलंब होय. तोंडातील बरी न होणारी जखम घेऊन आलेला रुग्ण गावच्या डॉक्टरकडून दातांच्या डॉक्टरकडे, तिथून जिल्हा रुग्णालयात, मग बायॉप्सीसाठी (म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासण्यासाठी) खासगी प्रयोगशाळेत आणि शेवटी दुसऱ्या शहरातील कर्करोग रुग्णालयात जातो, तेव्हा प्रत्येक दाराशी त्याला नवा केसपेपर काढावा लागतो आणि पुष्कळदा आधीच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. प्रत्येक दाराच्या आत काम चोख चालत असले, तरी दोन दारांमधल्या काळाची जबाबदारी कोणाचीच नसते. या अंतराची जबाबदारी संस्थांनी एकत्र येऊन उचलावी, या विचाराला भारतात मिळालेले सर्वांत मोठे मूर्त रूप म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिड होय.

ग्रिडची गरज समजण्यासाठी तिच्या आधीची व्यवस्था पाहणे आवश्यक आहे. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आले आणि पुढील काही दशकांत केवळ महाराष्ट्रातीलच नव्हे, तर बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि ईशान्य भारतातील रुग्णांचाही ते शेवटचा आधार ठरले. १९७५-७६ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर निरनिराळ्या राज्यांतील रुग्णालयांना प्रादेशिक कर्करोग केंद्रांचा दर्जा मिळत गेला; विदर्भात नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय हे असेच केंद्र आहे. ही केंद्रे वाढली, तरी त्यांना एकमेकांशी बांधणारी व्यवस्था नसल्यामुळे रुग्णांचा ओघ मुंबईकडेच राहिला आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांना बाहेरगावच्या रुग्णांच्या निवाऱ्याचा भार वर्षानुवर्षे उचलावा लागला. आठ-आठ महिने घर सोडून राहावे लागणाऱ्या रुग्णाची मजुरी बुडते, सोबतच्या नातेवाइकाचीही बुडते आणि अर्ध्यावर उपचार सोडण्यामागे आजारापेक्षा हे अंतरच पुष्कळदा अधिक कारणीभूत असते.

या पार्श्वभूमीवर २०१२ साली अणुऊर्जा विभागाच्या पाठबळाने आणि टाटा मेमोरियल रुग्णालय चालवणाऱ्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड स्थापन झाली. सरकारी, खासगी आणि धर्मादाय अशा तिन्ही प्रकारची रुग्णालये, संशोधन संस्था आणि रुग्णांसाठी काम करणाऱ्या संघटना तिच्या सदस्य आहेत आणि ही संख्या आता ३०० च्या वर गेली आहे. ‘ग्रिड’ हा शब्द विजेच्या जाळ्यावरून परिचित आहे. एका ठिकाणी निर्माण झालेली शक्ती जशी जाळ्यातून दूरच्या घरापर्यंत पोहोचते, तसे मोठ्या केंद्रातील ज्ञान रुग्णाच्या गावाजवळ पोहोचावे आणि रुग्णाने फक्त अत्यंत गुंतागुंतीच्या उपचारापुरताच प्रवास करावा, हा या रचनेमागील हेतू आहे.

त्यासाठी ग्रिडने सर्वप्रथम उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. एकाच टप्प्यावरील एकाच कर्करोगासाठी दोन शहरांत दोन वेगळे सल्ले मिळाले, तर रुग्ण गोंधळतो, तिसऱ्या मताच्या शोधात निघतो आणि त्यात आठवडे जातात. या तत्त्वांचे वैशिष्ट्य असे की त्यांत उपचारांची विभागणी अत्यावश्यक, अधिक चांगले आणि ऐच्छिक अशा पायऱ्यांमध्ये केलेली आहे, त्यामुळे मर्यादित साधनांच्या जिल्हा रुग्णालयालाही आपल्याकडे काय झालेच पाहिजे आणि कोणत्या वेळी रुग्णाला पुढे पाठवले पाहिजे, हे स्पष्ट कळते. परस्परांवर विश्वास बसण्यासाठी तपासण्यांचा दर्जाही समान असावा लागतो. स्तनाच्या गाठीचा तुकडा योग्य प्रमाणातील फॉर्मॅलिनमध्ये योग्य तितके तास ठेवला नाही, तर संप्रेरक-ग्राहकांची चाचणी, म्हणजे गाठ संप्रेरकांच्या आधाराने वाढते की नाही हे सांगणारी तपासणी, भरवशाची राहत नाही आणि पुढील रुग्णालयाला बायॉप्सी पुन्हा करावी लागते. म्हणूनच सदस्य प्रयोगशाळांच्या कामाची बाहेरून पडताळणी करण्याची योजना ग्रिडने राबवली. एका प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या रुग्णालयाने निःशंकपणे स्वीकारला की रुग्णाचे दिवस आपोआप वाचतात.

दुसरे साधन ट्यूमर बोर्डाचे आहे. शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून एका रुग्णाचा उपचारक्रम ठरवण्याच्या बैठकीला हे नाव आहे. लहान केंद्रात हे सर्व तज्ज्ञ नसतात, म्हणून ग्रिडच्या आभासी ट्यूमर बोर्डात तिथले डॉक्टर आपल्याकडील कठीण रुग्णांची माहिती दूरसंवादाने मांडतात आणि अनेक शहरांतील तज्ज्ञ त्यावर एकत्र विचार करतात. ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून रुग्णालाही आपले अहवाल पाठवून तज्ज्ञांचे लेखी मत मागवता येते, त्यामुळे केवळ एका सल्ल्यासाठी करावा लागणारा हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास टळू शकतो.

तिसरे साधन औषधांच्या एकत्रित खरेदीचे आहे आणि त्याचा वेळेशी असलेला संबंध सहसा लक्षात येत नाही. केमोथेरपीची आवर्तने ठरावीक अंतराने द्यावी लागतात; औषध रुग्णालयात नसेल किंवा रुग्णाला परवडत नसेल, तर आवर्तन चुकते आणि आधीच्या आवर्तनांचा लाभही घटतो. ग्रिडच्या २३ केंद्रांनी ४० औषधांची मागणी एकत्र करून कंपन्यांशी वाटाघाटी केल्या, तेव्हा खर्चात सुमारे ८२ टक्के म्हणजे अंदाजे १,३२० कोटी रुपयांची बचत झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. वेगवेगळी असताना दुबळी ठरणारी रुग्णालये एकत्र आल्यावर बाजारात किती बलवान होतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण आरोग्यक्षेत्रात क्वचितच सापडेल.

समन्वयाची खरी कसोटी मात्र उपचार सुरू झाल्यानंतरच लागते. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर किरणोपचाराची गरज असेल, तर तो सुमारे सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिलेला किरणोपचार आणि शरीराच्या आत किरणांचा स्रोत ठेवून दिलेली ब्रॅकिथेरपी हे दोन्ही मिळून आठ आठवड्यांत पूर्ण व्हावे लागतात. शस्त्रक्रिया एका शहरात आणि किरणोपचाराचे यंत्र दुसऱ्या शहरात असेल, तर जखम भरण्याची वाट, तारखेची वाट आणि सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीची वाट यांत ही मुदत सहज निघून जाते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच किरणोपचाराची तारीख ठरली पाहिजे, हा नियम साधा वाटला तरी तो दोन संस्थांनी मिळूनच पाळता येतो.

मोठ्या केंद्रांची ही सांगड गावाच्या वेशीपर्यंत कशी नेता येते, याचा धडा महाराष्ट्राने ग्रिडच्या पुष्कळ आधी दिला होता. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८२ साली नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि तिथेच १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. नोंदणी म्हणजे ठरावीक प्रदेशातील कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची पद्धतशीर नोंद होय. शहरात ती रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून करता येते. परंतु बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने कार्यकर्त्यांना गावोगाव जावे लागले. ते लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी येण्याचा आग्रह धरला. मोजदादीसाठी सुरू झालेल्या या भेटींचा परिणाम असा झाला की काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर घेऊन येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले, आणि हे निरीक्षण १९९५ साली प्रसिद्ध झाले. पुढे तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. या यशात चाचणीइतकाच वाटा तिच्यामागील साखळीचा होता, कारण चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रीला पुढील तपासणी व उपचार कुठे मिळतील हे आधीच ठरलेले होते.

माणसाच्या सोबतीचे हेच महत्त्व ओळखून टाटा मेमोरियल रुग्णालयाने टाटा न्यासांच्या व टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘केवट’ हा रुग्ण-मार्गदर्शकांचा प्रशिक्षणक्रम सुरू केला. रामाला गंगापार नेणाऱ्या नावाड्याचे हे नाव अत्यंत समर्पक आहे. खिडकीपासून तपासणीपर्यंत, तपासणीपासून तज्ज्ञापर्यंत आणि पुढील तारखेपर्यंत रुग्णाला पोहोचवणे हे या मार्गदर्शकाचे काम असते. पैशाचा अडसर दूर झाल्यावरही वेळ वाचतो, याचा पुरावा आता उपलब्ध आहे. २०१८ साली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाल्यानंतर निदानापासून ३० दिवसांत उपचार सुरू होण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी आणि योजनेतील रुग्णांमध्ये ९० टक्क्यांनी वाढल्याचे देशातील अनेक रुग्णालयांवर आधारित एका अभ्यासात दिसून आले.

तत्त्वे, प्रयोगशाळांची पडताळणी, ट्यूमर बोर्ड आणि औषधखरेदी या चार धाग्यांनी ग्रिडने मोठ्या संस्थांना बांधले आहे; प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा धागा मात्र अजून तितका पक्का झालेला नाही आणि सर्वाधिक काळ तिथेच गळतो. बार्शीने दाखवलेली वाट हाती असताना हे काम अशक्य मानण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्ह्याने लक्षणापासून निदानापर्यंत आणि निदानापासून उपचारापर्यंत किती दिवस लागतात हे मोजावे, ते जाहीर करावे आणि रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने तो तिथे पोहोचला की नाही याची चौकशी करणे हा आपल्या उपचाराचाच भाग मानावा. कर्करोगाच्या रुग्णाकडे वेळ मोजकाच असतो आणि तो वाचवण्यासाठी नव्या औषधाच्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.